अनुभव धागा: पुढच्या भागात बदललेलं भूत

हिंगोली
'स्त्री २' बघून येताना भाच्यानं विचारलं, "मामा, ही बाई आधी माणसं उचलून न्यायची ना? मग आता तिलाच कामून बोलावतेत?" २०१८ च्या पिक्चरमध्ये चंदेरीच्या भिंतींवर 'ओ स्त्री कल आना' होतं, शेवटी त्याचं 'रक्षा करना' झालं. २०२४ ला सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत आलं आणि गाव तिचीच वाट बघू लागलं. असं एखादं भूत तुमच्यासाठी बदललं असेल तर लिहा. कुठं, कुणासोबत पाहिलं तेही सांगा.

नांदेड
गणपतीत आमच्या गल्लीत टीव्हीसकट व्हीसीआर भाड्यानं यायचा, रातभर तीन पिक्चर. एका वर्षी शेवटची कॅसेट 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा तिसरा भाग निघाली. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण हॉकीचा पांढरा मुखवटा घातलेला जेसन सगळ्यांना कळला. पावसानं सतरंजी भिजली तरी कुणी उठेना, कारण घरी जायचं म्हणजे अंधाऱ्या बोळातून.

दहा-बारा वर्षांनी, औरंगाबादला शिकताना, १९८० चा पहिला भाग लावला. शेवटपर्यंत मुखवट्याची वाट बघत बसलो. तो आलाच नाही. खून करणारी निघाली जेसनची आई, पामेला! लेकरू तळ्यात बुडालं तेव्हा शिबिरात सांभाळणाऱ्यांचं लक्ष नव्हतं, त्याचा सूड. स्वतः जेसन मारेकरी होतो तो १९८१ च्या दुसऱ्या भागात, तेही डोक्यावर पोतं घालून. मुखवटा १९८२ चा. १९८६ च्या सहाव्या भागात वीज पडून त्याचं मढंच उठतं, आणि तिथून पुढं त्याच्यात माणूस उरला नाही. मला भीती वाटते ती त्या आईची. स्वेटर घातलेली, मायेनं बोलणारी बाई.

लातूर
१९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये सहा वर्षांचा मायकेल थोरल्या बहिणीला भोसकतो. का, ते कुणी सांगत नाही. १९८१ ला लॉरी, तो जिच्या मागं लागतो ती पोरगी, त्याची धाकटी बहीण निघाली, १९९५ ला कारण म्हणून पंथ आणि शाप आले. २०१८ च्या भागानं ते बहिणीचं नातंच पुसून टाकलं, बरं केलं.

भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३ नंतर कितीतरी दिवस मोठी माणसं उघड्यावर बसून कारण शोधायची. कुणाचं पाप, कुठल्या देवाचा कोप. कारण मिळालं असतं तर त्यांना झोप लागली असती. मायकेलला बहीण मिळाली त्या रात्री मला तशीच झोप लागली.

जालना
कारण कळलं की भीती जाते, हे मला नाही पटत. 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधला, स्वप्नात येऊन मारणारा फ्रेडी घ्या. १९८४ ला तो लेकरं मारणारा, त्यांच्या आईबापांनी जाळलेला. १९८७ च्या तिसऱ्या भागात कळतं, त्याची आई नन होती, वेड्यांच्या इस्पितळात चुकून कैद्यांमध्ये कोंडली गेलेली. मला दया तिची आली, त्याची नाही. त्याची भीती तेवढीच राहिली. ती गेली पुढच्या भागांत, त्याच्या तोंडी विनोद वाढले तेव्हा.

अंबाजोगाई
मी पिक्चरचं नाही, आज्जीचं सांगते. पाचवीपर्यंत तिच्या गोष्टीतली विहिरीतली बाई नुसतीच ओढायची. वाकून बघितलं की केस धरून आत. दहावीत गेले तेव्हा आज्जी म्हणली, ती सून होती, चौथी पोरगी झाली म्हणून उडी घेतली. माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणली, उडी नव्हती, ढकललं होतं.

त्या रात्री झोपताना आज्जीनं तांब्या विसळला आणि विहिरीकडं तोंड करून थोडं पाणी ओतलं. ती रोजच तसं ओतायची. मी पहिल्यांदा पाहिलं.