मदत हवी आहे: कलर ग्रेडिंगसाठी मॉनिटर, बजेट ३० हजार (कॅलिब्रेटरसकट)

मंडळी, मी लग्नाचे व्हिडिओ करतो, अधूनमधून एखादी शॉर्ट फिल्म. काम डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनवर, विंडोजमध्ये. सगळं ग्रेडिंग (म्हणजे रंग जुळवणं) लॅपटॉपच्या स्क्रीनवर, आणि घोळ तिथेच आहे. हळदीचा शॉट माझ्याकडे झकास दिसतो, पण मोबाइलवर नवरीचे गाल केशरी! मागच्या पार्टीने तर टीव्हीवर लावून ऐकवलं, "शालू एवढा भडक नव्हता हो."

पॅनेलची माहिती काढली तर ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं जुनं माप), म्हणजे एसआरजीबीचा (संगणक-वेबच्या नेहमीच्या रंगपट्ट्याचा) जेमतेम दोन तृतीयांश भाग. स्क्रीनच फिकी, मग सॅच्युरेशन वाढवलं जाणारच.

माझ्या मनात असुस प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही आहे: २७ इंची, २५६० बाय १४४०, आयपीएस, १०० टक्के एसआरजीबी आणि रेक. ७०९ (एचडी टीव्हीचा रंगपट्टा), डेल्टा ई (रंगातली चूक) २ च्या आत. दुकानदार मात्र गेमिंगचा मॉनिटर गळ्यात मारतोय. ९५ टक्के डीसीआय-पी३ (डिजिटल सिनेमाचा मोठा रंगपट्टा), वर एचडीआरचं (जास्त उजळ-गडद चित्राचं) स्टिकर, "हाच घ्या, जास्त रंग दाखवतो." माझं काम यूट्यूब आणि पेनड्राइव्हवरच जातं. पी३ चा मला खरंच उपयोग आहे का? कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र) आत्ताच घ्यावा की नंतर? आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते सेटिंग) २.२ ठेवू की २.४? खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, वर ट्यूबलाइट.

प्रतिसाद

दादा, प्रोआर्टच घ्या. तुमची डिलिव्हरी रेक. ७०९ मध्ये, तर पी३ चे जादा रंग उलट नडतील. विंडोजवर रिझॉल्व्हचा व्ह्यूअर (व्हिडिओ दाखवणारी चौकट) मॉनिटरचं प्रोफाइल (त्याच्या रंगांची नोंद) बघतच नाही, त्यामुळे वाइड गॅमट (मोठ्या रंगपट्ट्याच्या) पॅनेलवर तोच शालू आणखी लाल दिसेल. मग तुम्ही तो उतरवणार आणि पार्टीच्या टीव्हीवर तो विटका दिसणार. असल्या मॉनिटरला रंग आवरणारा एसआरजीबी मोड असतो, पण बऱ्याच मॉनिटरवर त्यात ब्राइटनेसच लॉक होतो. आणि ते स्टिकर एचडीआर ४०० चं असेल, तर कमाल उजेड साधारण ४०० निट्स (उजेडाचं माप), त्यावर एचडीआर ग्रेडिंग विसरा.

कॅलिब्रेटर एखाद्या फोटोग्राफर मित्राकडून दोन दिवस मागून आणा. त्यासाठीचं डिस्प्लेकॅल सॉफ्टवेअर फुकट आहे. नुसतं प्रोफाइल बनवून थांबू नका, थ्रीडी लट (रंग दुरुस्तीचा तक्ता) काढा आणि रिझॉल्व्हच्या कलर मॅनेजमेंटमध्ये कलर व्ह्यूअर लुकअप टेबलला लावा. सहा महिन्यांनी परत मोजा.

२.४ अंधाऱ्या खोलीसाठी, सोबत १०० निट्स. तुमच्या उजेडात २.२ बरा. पण आधी त्या खिडकीला जाड पडदा लावा, ट्यूब बंद करा आणि मॉनिटरमागे ६५०० केल्विनचा मंद दिवा ठेवा. यात हजारभर रुपये गेले तरी मॉनिटरइतकाच फरक पडेल.

धागाकर्ता

आभारी आहे! पडदा रविवारीच लावतो. एक राहिलं: डेकलिंक कार्डाशिवाय (मॉनिटरला थेट व्हिडिओ सिग्नल देणारं कार्ड) सध्या भागेल ना? आणि पुणे-सातारा भागात कॅलिब्रेटर भाड्याने कोण देतं का?