प्रवेश फी घेणाऱ्या रचना-स्पर्धांना स्कोअर (रचनेची स्वरलिपीतली प्रत) पाठवणं मी थांबवलंय. तुम्हीही थांबवा, असं माझं म्हणणं आहे

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

गेल्या सहा वर्षांत मी एकोणीस स्पर्धांना रचना पाठवल्या. परवा सगळ्या पावत्या समोर घेऊन बेरीज केली. तेवढ्या पैशांत चार चांगले वादक दोन दिवस बसवून माझं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) नीट ध्वनिमुद्रित करून झालं असतं. एकोणीसपैकी बहुतेक ठिकाणांहून आलेली पत्रं एकाच साच्यातली होती: प्रवेशिका भरपूर आल्या, दर्जा उंच होता, पुढच्या वेळी जरूर पाठवा. स्कोअर कुणी उघडला का, कितव्या पानापर्यंत वाचला, हे कळायला मार्ग नाही. एका ठिकाणी तर 'यंदा पहिला पुरस्कार कुणालाच नाही' असं जाहीर झालं. फी मात्र कुणाचीच परत आली नाही.

माझा राग हरण्यावर नाही. स्पर्धा तयार झालेल्या कामाला क्रमांक देते, आणि काम तयार व्हायला लागतो तो वेळ. तो वेळ विकत घ्यायचा पैसाच आपण क्रमांकाच्या रांगेत उभं राहण्यावर घालवतोय. १८८१ साली व्हिएन्नात एकवीस वर्षांच्या मालर या रचनाकाराने आपलं 'दास क्लागेंडे लीड' बेथोवन पुरस्कारासाठी दिलं. परीक्षकांत नावाजलेले रचनाकार ब्रॅम्स होते. पुरस्कार मिळाला नाही. पोटासाठी नाट्यगृहांमध्ये वाद्यवृंद-संचालनाची नोकरी, त्याच वर्षी लायबाखला, म्हणजे आजच्या ल्युब्लियानाला, आणि पुढे जन्मभर. लिहायचं ते फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत. १८९०च्या दशकात आटरझे तळ्याकाठी त्याने लिहिण्यापुरती एक खोलीएवढी झोपडी बांधून घेतली. तिसरी सिंफनी तिथली आहे. स्वतःची रेसिडेन्सी, म्हणजे राहून निवांत काम करायची जागा, त्याला स्वतःच बांधावी लागली.

आज ती झोपडी देणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधली मॅकडॉवेल १९०७ पासून चालू आहे. जंगलात विखुरलेले बत्तीस स्टुडिओ. दुपारचं जेवण टोपलीतून दारात ठेवून जातात, दार कुणी वाजवत नाही. आधी राहून गेलेल्यांनी आपली नावं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या भिंतीवर असतात. राहण्याचे पैसे घेत नाहीत. अमेरिकन रचनाकार एलियट कार्टरचं उदाहरण तर मी कायम देते. गुगेनहाइम फेलोशिपच्या, म्हणजे कामासाठी मिळणाऱ्या अनुदानाच्या, आधारावर तो वर्षभर ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहिला आणि तिथे पहिलं स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं. त्यावर बेल्जियममधल्या लीएझच्या स्पर्धेत पहिला आला तो १९५३ मध्ये, म्हणजे नंतर. आधी वेळ, मग बक्षीस.

म्हणून माझा ठाम आग्रह: फी घेणाऱ्या स्पर्धांकडे पाठ फिरवा. अर्ज लिहायचेच तर निवासाचे लिहा, अनुदानाचे लिहा, कुणी रचना लिहून मागत असेल तर ते काम घ्या.

कोरी_पट्टी

ताई, तुमची बेरीज मला समजते. पण तुम्ही ज्या दाराने आत जायला सांगताय, ते दार माझ्यासारख्याला दिसतच नाही.

मी कुठल्याही संगीत महाविद्यालयात शिकलेलो नाही. ग्रंथालयातले स्कोअर उतरवून काढत शिकलो. निवासाचा अर्ज उघडला की पहिल्याच पानावर विचारतात: दोन शिफारसपत्रं, गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांची यादी, ध्वनिमुद्रणांचे नमुने. कुणाचं पत्र आणू? माझं ऑर्केस्ट्रासाठीचं एकही पान अजून ऑर्केस्ट्राने वाजवलेलं नाही, नमुना म्हणून संगणकाने वाजवलेलं काय ते आहे. आणि समजा निवड झालीच, तर सहा आठवडे घर सोडून जाऊ कसा? आई अंथरुणाला खिळलेली आहे. रात्री तिला औषध दिलं की अकरा ते दीड, एवढीच माझी रेसिडेन्सी.

निनावी स्पर्धा मात्र फक्त कागद बघते. १९५९ साली वॉर्सात तरुण पोलिश रचनाकारांच्या स्पर्धेत पेंडेरेत्स्कीने तीन रचना दिल्या. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून एक उजव्या हाताने लिहिली, एक डाव्या हाताने, तिसरी दुसऱ्याकडून उतरवून घेतली, असं सांगतात. वरची तिन्ही बक्षिसं त्या तिघींना मिळाली. त्याचं नाव तोवर कुणाला माहीत होतं? नाव झाकलेलं होतं म्हणूनच तीनही बक्षिसं एकाच माणसाकडे जाऊ शकली.

फी मलाही डाचते. पण वर्षातून दोनदा ती भरतो तेव्हा माझ्या दृष्टीने मी लॉटरीचं तिकीट काढत नसतो. माझं पान कुणीतरी जाणकार वाचेल याची ती एकमेव शक्यता असते.

पानपलट्या

निनावीपणावर एवढी भिस्त ठेवू नका. फ्रेंच रचनाकार रावेलने प्री द रोम या फ्रान्समधल्या मानाच्या रचना-पुरस्कारासाठी पाच वेळा प्रयत्न केला. १९०५ ला वयोमर्यादेमुळे शेवटची संधी होती, आणि तो पहिल्याच फेरीत बाद झाला. तोवर त्याचं स्ट्रिंग क्वार्टेट लोकांनी ऐकलेलं होतं! अंतिम फेरीत पोचलेले सगळे शार्ल लनव्हू यांचे विद्यार्थी निघाले आणि लनव्हू स्वतः परीक्षकांत बसलेले. मोठा गदारोळ झाला. त्याच सुमारास पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरचे, म्हणजे संगीत महाविद्यालयाचे, संचालक द्युब्वा पायउतार झाले आणि रावेलचे गुरू फोरे आले. त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये, रुबिनश्टाइन स्पर्धेत हंगेरियन रचनाकार बार्टोकला रचनेचा पुरस्कार मिळाला नाही, पियानोत तो बाकहाउसच्या मागे दुसरा आला.

फीच्या आधी परीक्षकांची यादी बघा. यादीच दिलेली नसेल किंवा 'परीक्षकांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाही' ही अट नसेल, तर फुकट असली तरी पाठवू नका.

मंद्रसप्तक

कोरी_पट्टी, तुमचं 'अकरा ते दीड' वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. शिफारसपत्रांचा मुद्दा खरा आहे, तो मी लिहिताना लक्षातच घेतला नव्हता. मला पत्र देणारे गुरू आहेत, म्हणून ती अट मला अटच वाटत नाही.

पण पेंडेरेत्स्कीचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. त्या बक्षिसामुळे त्याला इटलीला जाता आलं. बक्षिसाचं रूपांतर प्रवासात आणि मोकळ्या वेळात झालं. आपल्याला मिळतं काय? बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र आणि संकेतस्थळावर नाव. प्रयोग होईल की नाही, याचीही हमी नसते. नेदरलँड्समधल्या गाउडेआमुस स्पर्धेकडे बघा. १९५७ पासून चालू आहे, निवडलेल्यांच्या रचना महोत्सवात वाजतात, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी रचना लिहायचं काम मिळतं. अशा स्पर्धेशी माझं भांडण नाही.

चेलोवाली

रचनाकारांची चर्चा चालू आहे, पण वादकांचंही लिहिते, कारण आमच्याकडे हिशेब उलटा आहे.

आम्हाला स्पर्धेत निदान वाजवायला तरी मिळतं. हरलेल्या फेरीतही सभागृह असतं, ऐकणारे असतात, कधी कधी कार्यक्रम ठरवणारे लोक मागच्या रांगेत बसलेले असतात. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीच्या वादकांना आठवडाभर वॉटर्लूच्या संगीतभवनात ठेवतात. फोन नाही, इंटरनेट नाही, गुरू नाहीत. हातात कधीच न वाजलेल्या कन्चेर्टोचा (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) स्कोअर देतात, आणि सात दिवसांत तो स्वतःचा स्वतः बसवून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचा. मी तिथवर कधी पोचले नाही, पण स्पर्धेने माणसाला काय द्यावं याचं माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र ते आहे. मंद्रसप्तकताई, तुम्ही ज्या एकांताबद्दल लिहिता तो या स्पर्धेने आपल्या आतच ठेवलाय.

आता खर्चाचं. प्राथमिक फेरीला व्हिडिओ मागतात, एकसलग घेतलेला, काटछाट न केलेला. म्हणजे सभागृह भाड्याने, पियानोवाल्याचं मानधन, पियानो लावून घेणं. मी एका सोनाटाचे अकरा टेक घेतले. नववा सगळ्यात चांगला होता, पण शेवटच्या पानावर बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पुढच्या फेरीला बोलावलं तर विमानात चेलोसाठी वेगळं तिकीट. चेलो सामानात टाकता येत नाही, तो शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसतो आणि त्याचे पैसे आपण भरतो. व्हायोलिनवाले डोक्यावरच्या कप्प्यात ठेवून मोकळे होतात. काही स्पर्धा राहण्याची सोय करतात, प्रवासखर्चही देतात. अर्ज भरण्याआधी मी आता तेवढं एक कलम शोधते. ते नसेल तर फी कितीही कमी असो, मला परवडत नाही.

तेव्हा 'पाठ फिरवा' हे वादकांना सांगू नका. कुठे जायचं ते निवडा, एवढं सांगा.

उशिराचा_सूर

तुम्ही सगळे ज्या दारांवर भांडताय, त्यांतली निम्मी मला वयामुळे बंद आहेत. मी रचना लिहायला लागलो अडतिसाव्या वर्षी. गाउडेआमुस तिशीपर्यंत. टोकियोचा ताकेमित्सु रचना-पुरस्कार पस्तिशीपर्यंत, आणि तो मला फार आवडतो, कारण तिथे दरवर्षी एकच रचनाकार परीक्षक असतो. १९९७ ला द्युतिय्यो, मग लिगेटी, मग बेरिओ. निकाल कुणा एकाच्या कानाचा, त्याच्या नावासकट. मंडळाच्या सरासरीपेक्षा मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पण मी पाठवू शकत नाही.

'तरुण' आणि 'नवोदित' हे दोन शब्द एकच समजून नियम का लिहितात? चेक रचनाकार यानाचेकचा 'येनूफा' हा ऑपेरा प्रागमध्ये गाजला तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. त्याआधी त्याच्या गावाबाहेर त्याला ओळखणारे थोडेच होते.

या बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूचा. मॅकडॉवेल, गुगेनहाइम यांना वयोमर्यादा नाही. गुगेनहाइमकडे निदान काही वर्षांचं काम दाखवावं लागतं, पण जन्मतारखेवरून कुणाला बाद करत नाहीत.

कोरी_पट्टी

उशिराचा_सूर दादा, तुमचं पटलं. मी चौतिसाचा आहे, म्हणजे मलाही एकच वर्ष उरलंय.

तरी बहिष्काराला माझा विरोध कायम आहे. फी न घेणाऱ्या स्पर्धा कुणाच्या? ज्यांच्यामागे मोठं सभागृह किंवा प्रतिष्ठान आहे त्यांच्या. चार वादकांचा लहान गट नवी रचना मागवतो तेव्हा त्यांच्यामागे कोण असतं? तुम्ही सगळ्यांनी पाठ फिरवलीत तर मोठ्यांना फरक पडणार नाही. लहान गट मात्र मागवायचं बंद करतील.

टेबलापलीकडून

मी दोन वर्षं एका स्पर्धेची प्राथमिक छाननी केली आहे, म्हणून आतलं सांगतो. दोन्ही बाजूंना सगळं आवडणार नाही.

एका स्कोअरला मला दहा-बारा मिनिटं मिळायची. पहिली दोन पानं नीट वाचायचो, मधलं एखादं उघडायचो, शेवट बघायचो, ध्वनिमुद्रण थोडंसं ऐकायचो. त्याचं मानधन फीमधूनच यायचं आणि ते रास्त होतं. पण आयोजकांनी फीचा हिशेब कधी जाहीर केला नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा विषय बदलला. दुसऱ्या वर्षानंतर मी ते काम सोडलं. मंद्रसप्तक, तुमचा राग फीवर असण्यापेक्षा या लपवालपवीवर असायला हवा.

एक गोष्ट मात्र तातडीने सांगायची आहे. निनावी स्पर्धांमध्ये दरवर्षी चांगल्या रचना नावामुळे बाद होतात. मुखपृष्ठावरून नाव काढलेलं असतं, पण पीडीएफच्या माहितीत लेखक म्हणून तेच नाव बसलेलं असतं, कारण स्वरलिपीचं सॉफ्टवेअर ते आपोआप घालतं. फाइलच्या नावात आडनाव असतं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात हक्काची ओळ राहून जाते. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला निवेदक नाव घेतो. माझ्या हातून अशा दोन रचना बाजूला गेल्या. त्यातली बासरी आणि तालवाद्यांची एक मला अजून आठवते. नियम नियम असतो, मी काही करू शकलो नाही.

आणि हक्कांचं कलम वाचत जा. 'पहिला प्रयोग आमच्याकडे' इथपर्यंत ठीक. 'प्रकाशनाचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क आयोजकांकडे' असेल तर सही करू नका. १७६१ च्या करारात रचनाकार हायडनच्या रचनांवर त्याला नोकरीला ठेवणाऱ्या एस्टरहाझी सरदाराचा हक्क होता, दुसऱ्या कुणासाठी लिहायलाही परवानगी लागायची. १७७९ ला नवा करार झाला तेव्हा ती अट सुटली आणि तो प्रकाशकांना रचना विकू लागला. त्याला निदान पगार मिळत होता. आपण फी भरून हक्क देतो.

मंद्रसप्तक

टेबलापलीकडून, हिशेबाचा मुद्दा मान्य. मी शीर्षक बदलत नाही, पण माझी अट आता अशी ठेवते: फीचा हिशेब, परीक्षकांची नावं आणि प्रयोगाची लेखी हमी, या तिन्हींतलं एक जरी नसेल तर पाठवायचं नाही. आणि कोरी_पट्टी, ज्या निवासांना शिफारसपत्र लागत नाही, फक्त स्कोअर मागतात, त्यांची माझ्या वहीत टिपणं आहेत. उद्या इथेच लिहिते. दोन आठवड्यांचेही काही आहेत. आईजवळ कुणी दोन आठवडे थांबू शकेल का, तेवढं विचारून ठेवा.

कोरी_पट्टी

मावशीला विचारतो, ताई. यादी जरूर टाका.

टेबलापलीकडून, तुमचं वाचून लगेच माझी फाइल उघडली. लेखकाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव होतं. गेली तीन वर्षं प्रत्येक फाइल मी तशीच पाठवत आलोय. आत्ता काढलं, तळाची ओळही काढली, फाइलला फक्त वाद्यांची नावं दिली. मुदत आज मध्यरात्रीपर्यंत आहे. फी मी कालच भरली आहे. पाठवतोय.