नवख्याला पहिल्याच उत्तरात पळवून लावू नये म्हणून तुम्ही काय करता?

अर्धविराम:
चार वर्षं प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपमध्ये उत्तरं देतोय. परवा एकीने विचारलं, "५ आणि ५ ची बेरीज ५५ का येतेय?" पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना सगळेच इथे अडखळतात. टाइप केलेलं इनपुटमधून येतं ते अक्षरांच्या रूपात, त्याला आकडा करणारा इंट लावला की झालं. मी एक जुनी लिंक चिकटवली, वर "आधी शोधत जा" हे पण ऐकवलं. तिचं "सॉरी" आलं आणि ती पुन्हा फिरकली नाही.

नंतर वाटलं, ती शोधणार तरी काय? 'स्ट्रिंग', म्हणजे अक्षरांची माळ, हा शब्द माहीत असता तर विचारलंच नसतं. पण तेच ते लिहून वैतागही येतो हो.

रिकामा_लूप:
लिंक द्या, पण वर एक ओळ तिच्याच कोडबद्दल लिहा. "तुझ्या 'वय' या व्हेरिएबलमध्ये आकडा नाही, अक्षरं आहेत." अर्धं मिनिट लागतं.

आणि "एवढंही माहीत नाही?" हा सूर नको. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये, जिथे लोक एकत्र येऊन प्रोग्रॅमिंग शिकतात, तर खोटं आश्चर्य दाखवायचं नाही असा नियमच आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनेही २०१८ मध्ये कबूल केलं की नवख्यांना तिथे परकं वाटतं. त्याच वर्षी नव्या सभासदाच्या प्रश्नावर तो नवा असल्याची खूण दिसू लागली.

कंसातला:
मला हे लाड पटत नाहीत. "कोड चालत नाही, अर्जंट", सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, आणि एररची शेवटची ओळ नेमकी कापलेली! हे पण गोड बोलून सोडवायचं?

रिकामा_लूप:
नाही. "एरर कॉपी करून टाक, फोटोवरून मला तुझा कोड चालवून बघता येत नाही" एवढं सांगायचं. कारण कळलं की बहुतेक जण ऐकतात.

अर्धविराम, ती लिंक उघडली मी. उत्तर पायथन २ चं, म्हणजे जुन्या आवृत्तीचं आहे, त्यात इनपुट घ्यायला तेव्हाचं रॉ इनपुट वापरलंय. पायथन ३ मध्ये ते नाहीच. तिने तसंच उतरवलं असेल तर बेरीज राहिली बाजूला, वर नेमएरर, म्हणजे 'हे नावच ओळखत नाही' अशी तक्रार.

अर्धविराम:
अरे देवा. मी फक्त शीर्षक वाचून चिकटवली होती. आत्ता तिच्या प्रश्नाखाली नीट लिहून आलो, तिच्याच चार ओळी घेऊन.

कंसातला:
फोटोवाल्याचा कंस बंद करायचा राहिला होता. सांगितलं शेवटी.