नर्सना समुपदेशन हवं की वॉर्डात आणखी माणसं?

आयसीयू स्टाफ नर्स, मुंबई
माझं मत सरळ आहे. आमच्यासाठी ताणमुक्तीची सत्रं भरवणं थांबवा, आधी रिकामी पदं भरा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, आमच्या आयसीयूत एकेका सिस्टरकडे चार-चार व्हेंटिलेटरचे पेशंट होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाने तिथे एका पेशंटमागे एक नर्स हवी. एकाचं सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, चालू असताना दुसऱ्याचा मॉनिटर वाजायला लागतो आणि आधी कुणाकडे धावायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं. ते ठरवणं घरी येऊनही पाठ सोडत नाही. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, पाळी आली तरी तेच. आणि नाइट संपवून आल्यावर ऑनलाइन सत्र: दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा! मला तेव्हा झोप हवी होती आणि वेळेवर येणारी रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, हवी होती.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार खचून जाण्याला, आजार म्हटलं नाही. कामाच्या जागचा ताण नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते, असं म्हटलं. मग इलाज आमच्यावरच का?

समुपदेशक, पुणे
ताई, पदं भरायलाच हवीत. पण 'सत्रं थांबवा' हे मला धोक्याचं वाटतं. प्रत्येक पेशंटमागे एक नर्स असती तरी त्या महिन्यांत माणसं जाणारच होती. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. शेवटचा व्हिडिओ कॉल सिस्टरनेच फोन हातात धरून लावून दिला, पलीकडचा आक्रोशही तिनेच ऐकला. हे ओझं नव्या भरतीने उतरत नाही. झोप उडणं, छातीत धडधडणं, जीव नकोसा होणं यावर उपचार आहेत, ते वेळेत मिळायला हवेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

निवृत्त मेट्रन, नागपूर
२००९ च्या स्वाइन फ्लूतही आम्ही वॉर्ड सांभाळले. सेवा म्हटली की त्रास आलाच. हल्लीच्या मुली लवकर खचतात.

कंत्राटी परिचारिका, नाशिक
मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मान्य नाही. तेव्हा ड्युटीवरून आलेल्या सिस्टरला सोसायटीत शिरू नको म्हणणारे शेजारी नव्हते. मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजल्या, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली, आणि त्याच दिवसांत माझं लेकरू आजीकडे ठेवून मी त्याला फोनवर पाहत होते.

आणि समुपदेशक सर, तुमच्याकडे येणार कोण? आमची नेमणुकीची ऑर्डर ठरावीक महिन्यांची. 'हिला झेपत नाही' एवढं वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरच्या कानावर गेलं तरी पुढची ऑर्डर निघेल का, ही धास्ती. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्यामागे हीच अस्थिरता होती. उद्याच्या नोकरीचा भरवसा नसलेल्या बाईला मन मोकळं करायला सांगताय.

समुपदेशक, पुणे
ही भीती खरी आहे. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलाय. तुमच्या परवानगीशिवाय उपचारांची माहिती वरिष्ठांना देता येत नाही.

आयसीयू स्टाफ नर्स, मुंबई
कायदा असेल. आमचं पुढचं सत्र सभागृहात झालं, हजेरीपटावर सह्या घेऊन, इनचार्ज पहिल्या रांगेत. तिथे कोण बोलणार?

मेट्रन मॅडम, खचलेली मुलगी लेचीपेची नसते. महिनोन्‌महिने दोघींचं काम ओढलेलं असतं तिने.

मी माझ्या मागणीवर ठाम आहे: भरती आधी, तीही कायम पदांवर. ती होईपर्यंत नाइटनंतरचा ऑफ कापू नका. समुपदेशन ठेवायचंच असेल तर रुग्णालयाबाहेरच्या माणसाकडे, ड्युटीच्या वेळेत, आणि तेवढा वेळ माझ्या पेशंटकडे बघायला दुसरी नर्स देऊन.