थोड्या पैशांत सकस जेवण : गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

नारळ महागला, तेल महागलं, इसवण (सुरमई) तर पाहुणे आले तरच. हात आखडला की पहिली कात्री भाजी, फळं आणि नुस्त्यावर (मासळीवर) पडते. मग भात, पाव आणि चहा-बिस्किटं उरतात. त्यानं पोट भरतं, पण पोरं फिकी दिसायला लागतात आणि बायकांना जिना चढताना धाप लागते. गोव्यात कमी पैशांत चांगलं खाता येतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी आपल्या आज्यांचं रांधप परत हातात घ्यावं लागतं. ते सगळ्यांना सारखं जमत नाही, हेही मला दिसतं. म्हणून तुम्ही लिहा. घरात माणसं किती, खर्च साधारण किती, गॅस आहे की चूल, काय शिजतं, पैसा कुठे वाचतो. ऐकीव नको, घरात खरोखर होतं तेवढंच.

फोंड्याजवळच्या गावातून

आम्ही चौघं. रेशनचा तांदूळ सोडून खाण्यावर महिन्याला 6,000 च्या वर जायचं नाही, असं ठरवलेलं आहे. आमचा आधार पेज. उकडे तांदूळ सकाळीच शिजत टाकायचे आणि दहा-अकरा वाजता सगळ्यांनी वाडगाभर पेज घ्यायची. पण पेज आणि लोणचं एवढ्यावर भागवलं तर दुपारी परत भूक लागते, म्हणून सोबत कडधान्य हवंच. आळसांदे (चवळी), चणे, मूग, वाटाणे आलटून पालटून. रात्री भिजवलेलं कडधान्य लवकर शिजतं, गॅस कमी जातो. मुगागाठी (मुगाची नारळातली उसळ) सणाला सालं काढून, एरवी सालांसकट. भुसारी दुकानात कडधान्य सुटं घेते. पाकिटातल्यापेक्षा स्वस्त पडतं आणि बघूनही घेता येतं.

नारळाचं म्हणाल तर तोणाकाला (कडधान्याच्या रस्स्याला) पूर्वी अर्धा लागायचा, आता पाव. वाटपात भाजलेला कांदा, धणे आणि मूठभर शिजलेले आळसांदे वाटून घालते. रस दाट होतो, चव फारशी हलत नाही. नारळ पार काढून टाकला तर मात्र घरात कोणी नीट जेवत नाही, आणि न जेवलेलं अन्न सगळ्यात महाग.

म्हापशाहून

नुस्तं म्हणजे इसवण, पापलेट आणि मोठी सुंगटं (कोळंबी) असं धरून बसलं तर पहिल्याच आठवड्यात पाकीट रिकामं. तारले आणि बांगडे घ्या. तेलकट मासे, ओमेगा-3 भरपूर. तारल्याचे बारीक काटे मऊ शिजवून चावून खाल्ले की कॅल्शियमही मिळतं. तळायला तेल लागतं, तिरफळं घालून हुमण (माशाची आमटी) केलं तर जवळजवळ लागत नाही, हाही हिशेब धरा. बाजार उठायच्या वेळी वाटा मोठा मिळतो. पण कल्ले लाल आणि डोळे स्वच्छ असतील तरच घ्यायचा. उन्हाळ्यात मी उशिराची खरेदी करतच नाही.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते, ताजं नुस्तं परवडत नाही. त्याची तजवीज मे महिन्यात करायची. शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी असते तेव्हा सुकी सुंगटं आणि सुके बांगडे घेऊन, पुन्हा एकदा कडक उन्हात वाळवून डब्यात भरते. मूठभर सुंगटांची किसमूर (सुक्या नुस्त्याची कोशिंबीर) सगळ्यांच्या भाताला पुरते. मिठाला मात्र जपायलाच हवं. खारवलेलं नुस्तं कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं आणि वरून मीठ घालायचं नाही. सासऱ्यांना रक्तदाब आहे, त्यांच्या ताटात खारा बांगडा जातच नाही.

सत्तरीतून

हे आईचं लिहितो आहे, कारण माझ्या ओळखीत इतक्या कमी पैशांत इतकं चांगलं खाणारं दुसरं कोणी नाही. ती गावी एकटी असते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2,000 रुपये येतात, त्यात औषधही बसवायचं असतं. रेशनचा तांदूळ आहे, जळण आहे आणि परसू (घरामागची बाग) आहे.

पहिले पाऊस पडले की तायकिळा (टाकळा) उगवतो. तो अगदी कोवळा असतानाच खुडायचा, जून झाला की कडवट होतो. उन्हाळ्यात मातीत राखून ठेवलेली फणसाची बिकणं (आठळ्या) ठेचून त्यात घातली की भाजी पोटभरीची होते. तेरें, म्हणजे अळू, घशाला खाजतं. म्हणून त्यात आंबाडे (आंबट फळं) किंवा सोलं (आमसुलं) हवीत, आणि पार मऊ होईपर्यंत शिजवायला हवं. घाईत अर्धवट शिजवलेलं तेरें कोणाला वाढू नये. कुंपणाला वाल आणि शेवगा. शेंगा येवोत न येवोत, पाला कायम असतो. मूठभर पाला डाळीत, पिठल्यात, नाहीतर कांद्यावर परतून. याशिवाय कच्ची पपई, केळफूल, सुरण, निरफणस. निरफणसाच्या फोडी हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर चमचाभर तेलात, की त्या दिवशी तिला नुस्त्याची आठवण येत नाही. मे महिन्यात ती सोलं वाळवते, ती वर्षभर पुरतात.

शेजारची माणसं रानातली आळमी (अळंबी) आणि फागलं (करटोली) स्वतः खात नाहीत, रस्त्यावर विकतात. त्यांना चांगला भाव येतो, त्यातून डाळ आणि अंडी येतात. हा व्यवहार मला शहाणपणाचा वाटतो.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. आळमी ओळखणारं जाणतं माणूस बरोबर नसेल तर त्यांना हात लावू नका. आणि तणनाशक मारलेल्या रस्त्याकडेचा पाला कितीही हिरवागार दिसला तरी खुडू नका.

वास्कोहून

वरचं वाचून छान वाटलं, पण माझ्याकडे परसू नाही. एक खोली, एक शेगडी, दोन लहान मुलं. दोन घरची कामं करून येते तेव्हा पाला निवडत बसायला अंगात त्राण नसतं. जमिनीशिवाय आणि वेळेशिवाय रानभाजी फुकट नसते, हेही कुणीतरी लिहायला हवं होतं.

मला खरा आधार हॉर्टिकल्चरच्या गाड्याचा. फलोत्पादन महामंडळाची भाजी सवलतीच्या दरात मिळते. बहुतेक बेळगावकडची असते, पण सकाळी लवकर गेलं तर ताजी असते. कोबी, दुधी, गाजर, तांबडा भोपळा घेते, कारण ते निवडावे लागत नाहीत आणि टिकतात. कुकरमध्ये तूरडाळ, भोपळा आणि टोमॅटो एकत्र, वरून लसणाची फोडणी. आठवड्यातून दोन-तीनदा हेच असतं आणि मुलं आवडीनं खातात. चिप्सच्या पाकिटांचे पैसे बाजूला ठेवून त्यांची अंडी आणते. हे मी कितीही ओढाताण असली तरी मोडत नाही.

वेर्ण्याहून

मी दोडामार्गचा, इथं औद्योगिक वसाहतीत कामाला. खोलीत चौघं जण. गॅस ठेवायला मालकाची परवानगी नाही, एक विजेचा राइस कुकर आहे. शिफ्ट बदलती. बाहेर जेवलो तर अर्धा पगार जातो, आणि जेवण म्हणजे भात नि पातळ रस्सा.

सध्या असं चालतं : सकाळी पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, उकडलेली अंडी, केळं. पोईत कोंडा असतो, ती मैद्याच्या पावापेक्षा जास्त वेळ पोटात राहते. डब्यात मोड आलेले मूग, कांदा, लिंबू, भाजलेले शेंगदाणे. रात्री कुकरमध्ये तांदूळ, मसूर आणि जी मिळेल ती भाजी एकत्र. अंडी त्याच पाण्यात उकडून होतात.

माझ्यासारख्यांना एक सांगतो. रेशन कार्ड गावचं असलं तरी ‘एक देश एक रेशन कार्ड’ मुळे अन्नसुरक्षेचं धान्य गोव्यातल्या स्वस्त धान्य दुकानातही मिळतं. आधार जोडलेलं असायला हवं. माणशी 5 किलो, आणि 2023 च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. घरच्यांनी त्यांचा वाटा गावी घ्यायचा आणि मी माझा इथं, असंही करता येतं. आमच्या खोलीत हे कोणालाच माहीत नव्हतं.

कुळथाचं पीठ आई पाठवते, पण राइस कुकरमध्ये पिठी होते का? कुणी करून बघितलीय?

डिचोली तालुक्यातून

मी अंगणवाडीत काम करते. गरोदर बायकांच्या घरी जाऊन ताटात काय आहे ते बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगते. आमच्याकडच्या कितीतरी ताटांत त्याच्या पाव भागही नसतो, आणि डाळ म्हणजे पिवळं पाणी. त्यामुळे वास्कोच्या ताईंची भोपळा घातलेली दाट डाळ वाचून मला फार बरं वाटलं. पैसा न वाढवता होण्यासारखं म्हणजे जेवणात लिंबू पिळणं किंवा आवळा, पेरू काहीतरी खाणं आणि जेवणाला लागून चहा न घेणं. पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह मग अंगी लागतं. चहा तासाभरानं घ्या.

लहान मुलांना बिस्किटं चहात बुडवून भरवतात, ते बघवत नाही. त्याऐवजी नाचणीचं तिझण (खीर) करा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या दुप्पट-तिप्पट. गूळ आणि अगदी थोडा नारळाचा रस घातला की मूल मागून खातं.

पेडण्याहून

पेज आमच्याकडेही रोज. माझ्या वडलांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी पेज तोडली नाही, पण वाडगा लहान केला आणि सोबत उसळ किंवा मासा असलाच पाहिजे म्हणून सांगितलं. घरात मधुमेही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

वेर्ण्याच्या भावा, पिठी राइस कुकरमध्ये होते. माझ्या भाच्याला मी फोनवर शिकवली. कुळीथ भाजून दळलेले असले पाहिजेत, आईला विचारून घे. दोघांना तीन मोठे चमचे पीठ दोन पेले गार पाण्यात आधीच कालव, गुठळी राहता कामा नये. कुकर चालू करून चमचाभर तेलात ठेचलेला लसूण आणि एक मिरची तांबूस कर. मग कालवलेलं पीठ, मीठ, हळद आणि दोन सोलं. झाकण लावू नकोस, पिठी उतू जाते. तळाला बसू नये म्हणून उकळेपर्यंत ढवळत राहा आणि उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं शिजू दे. घट्ट झाली तर गरम पाणी घाल. शेवग्याचा पाला मिळाला तर उकळीतच मूठभर टाक. भात आधी करून काढून ठेव, कारण कुकर एकच आहे.