पुंगळी स्वस्तातली नको

दादा, तुमचा अमेरिकेतला भाचा .३०-०६ या रायफलीच्या काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान (गोळी धरणारं तोंड) आवळून वाइल्डकॅट, म्हणजे कारखान्यात न बनणारं, स्वतः घडवलेलं काडतूस बनवतोय आणि पितळ कुठलं घ्यावं विचारतोय, तर माझं मत लापुआ किंवा नॉर्मा कंपनीचं, सगळं एकाच लॉटमधलं. मानेची जाडी सगळीकडून सारखी हवी, नाहीतर गोळी सरळ बसत नाही. हे पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. आकार बदलताना ताठरतं नि मान तडकते. माझे आजोबा डिचोलीत भांडी ठोकायचे, मधूनमधून भाजून मऊ करायचे. तसंच इथे, पण फक्त मान आणि खांदा (मानेखालचा उतार). बूड कधीच भाजू नये! मऊ बूड गोळी सुटतानाचा दाब सोसत नाही, जिवावर बेतेल. आपल्याकडे मात्र शस्त्र कायदा १९५९ आहे. परवान्याशिवाय गोव्यात कुणी हे करू नये.