रात्री तापमान उतरवण्याबद्दल
रात्री हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून घरासाठी पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र) १७ अंशांवर उतरवला, म्हणजे घर तेवढंच गरम ठेवलं, की वीज वाचते, असं म्हणतात. गॅस बॉयलरला ठीक, पण फ्लोअर हीटिंगला (फरशीखालच्या नळ्यांत गरम पाणी फिरवून घर गरम ठेवण्याला) फारसं नाही. जाड फरशी रात्रभर निवली की पहाटे, नेमकी बाहेर सगळ्यात जास्त थंडी असताना, पंपाला पाणी जास्त तापवावं लागतं आणि तिथेच वाचलेली वीज खर्च होते.

म्युनिकजवळच्या आमच्या घरात पंप बसवणाऱ्याने हीटिंग कर्व्ह (बाहेर किती थंडी असताना पाणी किती तापवायचं हे ठरवणारी सेटिंग) भलताच चढा ठेवला होता. मी खोल्यांचे थर्मोस्टॅट पूर्ण उघडले आणि दर दोन-तीन दिवसांनी कर्व्ह थोडा खाली आणला. आता बाहेर उणे ५ असताना ४२ ऐवजी ३४ अंशांच्या पाण्यावर भागतं. फक्त कडाक्याच्या थंडीतच घर गार पडत असेल तर कर्व्हचा चढ वाढवा. एरवीही गार वाटत असेल तर अख्खा कर्व्ह वर सरकवा. (बायकोला बाथरूम अजून गारच वाटतं, तो भाग वेगळा.)